गोवराच्या सुईआधी एक प्रश्न

लसीकरणाच्या दिवशी नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर मी सकाळभर बसून होते. भाचीच्या लेकीला नऊ महिने पूर्ण झाले होते, गोवर-रुबेलाचा पहिला डोस होता आणि भाचीला सोबत हवी होती. गेली वीस वर्षं मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे तान्ही मुलं जमली की माझे कान आपोआप कामाला लागतात. समोर एक टोपडं घातलेलं बाळ बाकड्याच्या लोखंडी दांड्याला ‘दादादादा’ सांगत होतं. भाचीची लेक आईचं मंगळसूत्र तोंडात धरून त्यातूनच ‘ब्बा-ब्बा’ करत होती. खिडकीपाशी घणसोलीहून आलेलं, मूळ साताऱ्याकडच्या एका माथाडी कुटुंबातलं गुटगुटीत बाळ होतं. हसरं, सगळीकडे टुकूटुकू बघणारं. आवाजही भरपूर करत होतं: ‘आऽऽऽ’, ‘ईऽऽ’, मधूनच किंचाळी, मधूनच घशातली गुरगुर. पाऊण तास मी ऐकत होते. तेवढ्या वेळात ओठ मिटून उघडल्याचा किंवा जीभ टाळ्याला लागल्याचा एकही आवाज त्याच्या तोंडून आला नाही.

सिस्टरनी त्याचं वजन केलं, कार्ड बघितलं, मागच्या डोसला ताप आला होता का विचारलं, उजव्या दंडाला सुई दिली, चमच्याने अ जीवनसत्त्व पाजलं आणि अर्धा तास थांबायला सांगितलं. हात हलका, बोलणं प्रेमाचं. बाळ कसले आवाज काढतं, हे मात्र विचारलं गेलं नाही. त्यांच्या रजिस्टरात त्यासाठी रकानाच नव्हता.

तो रकाना असावा, असं माझं म्हणणं आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी नवव्या महिन्याच्या लसीआधी प्रत्येक आईला एकच प्रश्न विचारावा: ‘बाळ आवाज कसे काढतं, करून दाखवता का?’ उत्तरात ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ अशा जातीचं काही आलं नाही, तर त्या बाळाची कानाची तपासणी त्याच महिन्यात, फुकट आणि घराजवळ व्हावी. वर्षभराच्या मुलाला ‘बोलेल की’ म्हणून सोडून देणं आणि तीन वर्षांच्या मुलाला घेऊन धावाधाव करणं, या दोन्हींच्या मध्ये जी दोन वर्षं वाया जातात, त्यांचा हिशेब मी रोज माझ्या टेबलापलीकडे बसलेला पाहते.

आपल्याकडे बोलण्याची मोजणी पहिल्या शब्दापासून सुरू होते. पहिल्या वाढदिवसाला पाहुणे विचारतात, ‘काय, बोलतो का?’ आई ‘अजून नाही’ म्हणाली की ‘बोलेल, बोलेल’ म्हणून विषय संपतो. पण पहिल्या शब्दाआधी बाळाने वर्षभर आवाजाची तालीम केलेली असते. त्या तालमीत काही राहून गेलं असेल तर ते शब्दांची वाट पाहायच्या कितीतरी आधी ऐकू येतं. ऐकायचं काय, हे ठाऊक हवं.

जन्मतः बाळाचं स्वरयंत्र घशात बरंच वर असतं आणि इवल्याशा तोंडात जीभच जीभ असते. दूध ओढायला ही रचना सोयीची, बोलायला नाही. तरी पहिल्या दोन महिन्यांत रडण्याच्या मधल्या शांत वेळी बारीक ‘अं’, ‘उं’ येतात. अडीच-तीन महिन्यांचं बाळ ‘अग्गूं’ म्हणतं. आपण त्याला हुंकार देणं म्हणतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात आवाजाशी खेळ सुरू होतो. एकदम उंच किंचाळी, मग खोल गुरगुर, मग ओठांची फुर्रर. बाळ फुरफुर करायला लागलं की माझी आजी अंगणातले पापड उचलायला सांगायची, पाऊस येणार म्हणून. यातले बहुतेक आवाज बाळ कुणाला उद्देशून काढतही नाही. पहाटे जाग आली की पाळण्यात एकटंच पडून ते आपला आवाज ताणून, दाबून, चिरडून बघत असतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, काचेत ठेवलेली बाळंसुद्धा, अजून जन्माची तारीख यायची असताना, असे आवाज काढतात हे अभ्यासात नोंदलं गेलं आहे.

मग सहा-सात महिन्यांच्या आसपास एक दिवस तोंडातून ‘बाबाबाबा’ बाहेर पडतं. शास्त्रात याला कॅनॉनिकल बॅबलिंग म्हणतात. मी आयांशी बोलताना ‘बाबाबा’च म्हणते, इथेही तेच म्हणेन. त्याला अजून अर्थ नसतो; बाळ तेच ‘बाबा’ वडिलांनाही म्हणतं आणि पंख्यालाही. पण यात घडतं ते फार मोठं आहे. एका व्यंजनाला स्वर जोडून, बोलण्याच्याच वेगाने, घट्ट एक अक्षर बांधलं जातं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण आपण लिहायला शिकतो तेच मुळी बाराखडीने. ‘ब ला काना बा’ हे पाटीवर यायच्या चार-पाच वर्षं आधी बाळाने तोंडाने केलेलं असतं. याच सुमाराला ते खुळखुळाही तालात आपटायला लागतं. हात आणि तोंड दोन्हीकडे ठेका एकदम येतो. ज्या आजीने दोन-चार नातवंडं सांभाळली आहेत तिला हे मुद्दाम सांगावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

माझ्या मागणीचा पाया हा की ‘बाबाबा’ फार हट्टी आहे. अमेरिकेतले डी. किंब्रो ओलर आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकापासून हे आवाज मोजत आले आहेत. गरीब घरातली आणि सुखवस्तू घरातली मुलं, एका भाषेच्या घरातली आणि दोन भाषांच्या घरातली, वेळेवर जन्मलेली आणि (वयाचा हिशेब नीट धरला तर) आधी जन्मलेली, सगळी ‘बाबाबा’ला साधारण एकाच सुमाराला पोहोचतात, दहाव्या महिन्यापर्यंत जवळजवळ सगळी. पहिला शब्द पुढेमागे होतो, चालणं पुढेमागे होतं, पण हा टप्पा सहजासहजी हलत नाही. म्हणूनच तो हलला तर दखल घ्यायला हवी. याच गटाने ३,४०० हून अधिक बाळांच्या पालकांना आवाजांबद्दल विचारून पाहणी केली होती. ज्यांचं ‘बाबाबा’ दहा महिन्यांनंतरही आलं नव्हतं, त्यांच्याकडे पुढे दीड, दोन, अडीच वर्षांच्या वयात बोलण्यातले शब्द कमी निघाले. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. ‘तुमचं बाळ आवाज कसे काढतं?’ असं मोकळेपणी विचारलं तर पालक बरोबर सांगतात. यंत्र लागत नाही, डॉक्टर लागत नाही. आईला नक्कल करायला सांगितली की ती हुबेहूब करते.

सगळ्यात आधी प्रश्न येतो कानाचा. ज्या बाळांना जन्मतः फारसं ऐकू येत नाही, तीही सुरुवातीला हुंकार देतात, किंचाळतात, खळखळून हसतात. म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. दिघ्याची एक आई मला म्हणाली होती, ‘मॅडम, ताट पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतंच ना.’ ताट पडल्यावर फरशी हादरते, वारा लागतो, सावली हलते. बाळ दचकायला कान लागतोच असं नाही. पण अशा बाळांचं ‘बाबाबा’ अडकतं. ते अकराव्या महिन्यानंतर, कधी त्याच्याही बऱ्याच नंतर येतं, कारण स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय अक्षर बांधता येत नाही. दिघ्याचा तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. जगभरात मान्य असलेला संकेत असा आहे की ऐकण्याची चाळणी, म्हणजे पहिली तपासणी, पहिल्या महिन्यात, दोषाचं निदान तिसऱ्यापर्यंत व्हावं आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत. त्याला पहिलं श्रवणयंत्र लागलं ते तिसऱ्या वाढदिवसाला पंधरा दिवस राहिले असताना.

आता ऑटिझमकडे येते. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळला आहे आणि तो वापरणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मला तो आवडत नाही. मूल मुद्दाम स्वतःत रमून बसलंय, हलवलं की बाहेर येईल, असं त्यातून वाटत राहतं. म्हणून मी ऑटिझमच म्हणते.

कळव्याचं एक जोडपं तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा. पाचसहा शब्द येत होते ते दीड वर्षाच्या सुमाराला गेले, असं आई सांगत होती. वडील म्हणत होते, त्याआधी सगळं ठीक होतं. मी त्यांना जुने व्हिडिओ आहेत का विचारलं. आईने मोबाइलवर बोरन्हाणाचा व्हिडिओ लावला. मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता. काळं झबलं, गळ्यात हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट. काकू वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतते आहे आणि शेजारची पोरं पाटाभोवती तुटून पडली आहेत. साडेचार मिनिटांचा व्हिडिओ. मी तो तीन वेळा पाहिला, दोनदा डोळे मिटून. पोरांचा कल्ला बाजूला काढला तर त्या मुलाचे सात आवाज होते. पाच लांबलचक ‘आऽऽ’, दोन बारीक किंचाळ्या. ‘बा’ नाही, ‘मा’ नाही, ‘दा’ नाही. काकूने दोनदा त्याचं नाव घेऊन टाळी वाजवली, तेव्हा तो हातातल्या हलव्याच्या माळेतला एकच दाणा फिरवत होता. आईने मला विचारलं, ‘यात काही दिसतंय का?’ ऐकू येतंय, म्हणाले मी. तिला तेव्हा ते कळणं शक्य नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरगुती व्हिडिओंवरून असा अभ्यास रीतसर झाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ३७ मुलांच्या बाळपणीच्या चित्रफिती तपासल्या होत्या. त्यांतल्या २३ जणांना पुढे ऑटिझमचं निदान झालेलं होतं, १४ जणांना नव्हतं. कोणती चित्रफीत कुणाची हे मोजणाऱ्यांना माहीत नव्हतं. नऊ ते बारा महिन्यांच्या वयातच पुढे ऑटिझम ठरलेल्या मुलांमध्ये ‘बाबाबा’ला पोहोचलेली बाळं कमी होती आणि एकूण आवाजही कमी होते. ज्या बाळांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम आहे, अशा बाळांच्या अभ्यासातही नवव्या महिन्यात व्यंजनं कमी सापडली आहेत. घरात एक मूल ऑटिस्टिक असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, म्हणून अशा घरांनी तर नवव्या महिन्याची वाटही पाहू नये.

पण इथे मला स्वतःचाच हात धरून थांबवायला हवं, कारण या विषयावर घाईने बोलणारे फार झाले आहेत. ३७ मुलं म्हणजे थोडी मुलं. ‘बाबाबा’ नसणं म्हणजे ऑटिझम नव्हे, आणि असणं म्हणजे ऑटिझम नसल्याची हमी नव्हे. कितीतरी ऑटिस्टिक मुलं वेळेवर ‘बाबाबा’ करतात, वेळेवर बोलतात, काही तर वयाच्या मानाने जडजड शब्द वापरतात. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमची म्हणून ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांतली ८ बोलणारी होती. काही मुलं आधी चार शब्द बोलतात आणि दीड-दोन वर्षांच्या मध्ये ते गमावतात. सहाव्या महिन्यात तर पुढे ऑटिझम ठरणाऱ्या बहुतेक बाळांमध्ये वरवर काहीच वेगळं दिसत नाही. फरक सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू उमटू लागतो. म्हणून नवव्या महिन्याचा प्रश्न एकटा पुरणार नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये असतो. दुसरा प्रश्न तिथे विचारावा: नाव घेतल्यावर बघतो का, काही दाखवायला बोट करतो का, आलेला शब्द गेला का. ऑटिझमची पहिली चाळणी म्हणून जगभर वापरली जाणारी प्रश्नावली सोळा महिन्यांपासूनच लागू होते. लसीचं वेळापत्रक आणि बाळाच्या आवाजाचं वेळापत्रक असं आपोआप जुळून आलेलं आहे. त्याचा फायदा घेतला जात नाही, हे मला सहन होत नाही.

घरातल्या समजुतींबद्दल मला राग नाही. वेखंड उगाळून जिभेला लावणाऱ्या आजीचा हेतू बाळाला वाचा फुटावी हाच असतो. पण ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर द्यायलाच हवं. शब्दांच्या बाबतीत मुली थोड्या पुढे असतात, हे खरं. पहिल्या वर्षाच्या आवाजांत मात्र उलट आहे. ५,००० हून अधिक बाळांच्या दिवसभराच्या ध्वनिमुद्रणांवर केलेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षी मुलग्यांचे आवाज मुलींपेक्षा सुमारे १० टक्के जास्त निघाले. नऊ महिन्यांचा मुलगा गप्प असेल तर ‘मुलगा आहे ना’ हे कारण चालत नाही. ‘याचा बाबाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ हे तर उलट तपासणीचं कारण आहे. बाबाच्या वेळी कुणी बघितलं नव्हतं, एवढंच त्यातून कळतं.

दुसरीकडे व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’. मोबाइल दाखवल्यामुळे मुलाला ऑटिझम झाला, असं सांगणारे व्हिडिओ दर आठवड्याला कुणीतरी मला पाठवतं. असं मान्यताप्राप्त निदान नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवू नये हे मीही सांगते, पण त्याचं कारण साधं आहे: घरात टीव्ही चालू असला की मोठी माणसंही कमी बोलतात आणि बाळही. बाळाने ‘बा’ म्हणावं, आईने ‘बा? बा का रे?’ म्हणावं, त्यावर बाळाने पुन्हा ‘बाबा’ म्हणावं, हे चक्र फिरत राहिलं की बोलण्याला जवळचे आवाज वाढत जातात. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी हे चक्र कमी फिरतं असं दिवसभराच्या ध्वनिमुद्रणांतून दिसलं आहे. बाळाकडून आवाज कमी येतात, म्हणून उत्तरं देण्याच्या संधी कमी मिळतात, म्हणून पुढचे आवाज आणखी कमी. यात आईचा दोष शोधणारी माणसं पूर्वीही होती. आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल असं झालं, हे एके काळी पदवीधर डॉक्टर सांगत. ते खोटं ठरून कित्येक दशकं लोटली. आता तिच्या हातातल्या मोबाइलवर तोच आरोप नव्याने ठेवला जातो आहे. घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर दिवसभर एकटी बाळ सांभाळणारी मुलगी संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत फोन लावून देते, तेव्हा तिला मदत हवी असते. अपराधी वाटून घेऊन ती माझ्याकडे आणखी सहा महिने उशिरा येते.

आणि मराठी बंद करा, हा सल्ला. ‘शाळेत इंग्रजी आहे, मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत, घरी फक्त इंग्रजी बोला.’ हे ऐकून आलेली आजी माझ्यासमोर नातवाशी तोंड मिटून बसते, कारण तिला इंग्रजी येत नाही. दोन भाषांमुळे ‘बाबाबा’ला उशीर होत नाही. ऑटिस्टिक मुलांचंही दुसऱ्या भाषेमुळे नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या मुलाला आधीच कमी उत्तरं मिळताहेत, त्याच्या घरातलं सगळ्यात बोलकं माणूस आपण गप्प करतो. हा सल्ला देणाऱ्यांनी तो आज थांबवावा.

माझ्या मागणीवर आक्षेप येतील, त्यांतले दोन मला खरे वाटतात. पहिला: आयांना उगाच घाबरवाल. घणसोलीच्या त्या बाळाचं पुढे काय झालं ते सांगते. त्या दिवशी सुई द्यायच्या आधी मी त्याच्या आईशेजारी जाऊन बसले आणि हाच प्रश्न विचारला. ‘आवाज लई करतंय की ह्ये,’ म्हणत तिने ‘आऽऽ’ आणि ‘ईऽऽ’ अगदी त्याच्यासारखे करून दाखवले. बा, मा, दा? ‘न्हाई ओ, त्ये अजून न्हाई.’ ऑटिझम हा शब्द मी उच्चारला नाही, उच्चारण्याचं कारणही नव्हतं. कान तपासून घेऊ म्हणाले. ओएई नावाची ही तपासणी बाळ झोपलेलं असताना होते. कानात मऊ टोक ठेवतात, बारीक टिकटिक सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा प्रतिसाद यंत्र टिपतं. दुखत नाही, काही मिनिटं लागतात. त्यात शंका आली तर पुढे बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी तपासणी. त्या बाळाचे दोन्ही कान स्वच्छ निघाले. महिन्या-दीड महिन्याने, साडेदहाव्या महिन्यात, आईने मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला: ‘मामामामा’, मागे कुकरची शिट्टी. म्हणजे माझी शंका फोल ठरली. ती रागावली नाही. ‘कान बघून घेतलं त्ये बरं झालं,’ म्हणाली. अशा दहा शंका फोल ठरल्या आणि दिघ्याच्या मुलासारखं एक मूल दहाव्या महिन्यात सापडलं, तर मी त्या दहाही आयांसमोर हात जोडायला तयार आहे.

दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा. आशाताई आणि सिस्टर यांच्या माथ्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. त्यात एक रकाना वाढवायचा तर दुसरा एखादा कमी करावा, आणि वाढलेल्या कामाचा मोबदला द्यावा. फुकट सेवेच्या नावाखाली हेही काम त्यांच्यावर लादू नये. पण पूर्णपणे नवं असं यात थोडंच आहे. माता-बाल संरक्षण कार्डात वाढीच्या टप्प्यांची चित्रं छापलेली आहेत. माझ्यापुढे येणाऱ्या कार्डांवर वजनाचा आलेख भरलेला असतो आणि ते पान कोरं असतं. लहान बाळांच्या घरभेटींचा कार्यक्रम २०१८ पासून आहे आणि त्यातली एक भेट नेमकी नवव्या महिन्यातच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत श्रवणदोष, भाषेतला विलंब आणि ऑटिझम तिन्ही आहेत. त्याची पथकं अंगणवाडीत येतात. आमच्याकडची अर्धी मुलं अंगणवाडीचं तोंडही पाहत नाहीत, ती सोसायटीतून थेट प्ले-ग्रुपला जातात. लस मात्र जवळजवळ सगळेच घेतात. खाजगी बालरोगतज्ज्ञांनाही म्हणूनच हा प्रश्न बंधनकारक असावा.

लवकर ओळखायचं ते मुलाला ठाकूनठोकून इतरांसारखं करायला, असंही कुणी समजू नये. कळव्याचा तो मुलगा आता सहा वर्षांचा होईल. तोंडाने तो फार थोडं बोलतो. चित्रांच्या वहीतल्या चित्रावर बोट ठेवून मात्र तो पाणी मागतो, नको म्हणतो, गाडीचा आवाज सहन होत नाही हे सांगतो. वही हातात येण्याआधी हे सगळं तो स्वतःच्या मनगटाला चावून सांगत होता. ती वही त्याला दीड वर्षाचा असताना मिळू शकली असती. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ पासून आहे, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कायद्याने दिलेला हक्क मुलापर्यंत पोहोचायला आधी कुणीतरी त्याचं ऐकावं लागतं.

संस्था आपल्या आसपास आहेत. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम करते आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. पण कळव्याहून वांद्र्याला जायचं म्हणजे कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी, दादरचा पूल आणि एक दिवसाचा खाडा. रोजंदारीवरची आई असं दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून ओएईचं यंत्र प्रत्येक प्रभागात फिरतं हवं, महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात जन्मतःच एक तपासणी हवी, आणि लसीच्या खोलीतल्या सिस्टरकडे पुढच्या माणसाचं नाव आणि तारीख हवी.

त्या दिवशी निघताना मी सिस्टरना हे सगळं सांगितलं. गर्दी ओसरली होती. त्या ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या, ‘माझ्या धाकट्याचं असंच झालं होतं, मॅडम. कान.’ मग त्यांनी रजिस्टर ओढलं, पट्टी घेतली, शेऱ्याच्या रकान्यातून एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘आवाज’. पेनाचं टोपण लावता लावता विचारलं, ‘आणि ‘नाही’ आलं तर चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहू?’

तूर्त मी माझाच मोबाइल नंबर लिहून दिला आहे.